बारावीनंतर कम्युनिटी कॉलेजात मास मीडिया: कॅलिफोर्नियाकरांनो, अनुभव सांगा

चिंचगूळ
मुलगी बारावीत आहे, सनीव्हेलच्या पब्लिक स्कूलमध्ये. मार्क बरे आहेत, पण दिपून जावं असे नाहीत. पत्रकारिता, रेडिओ, व्हिडिओ यातलंच काहीतरी करणार हे ती नववीपासून सांगतेय, त्यामुळे तो वाद आमच्या घरी मिटलाय. कृपया 'कॉम्प्युटर सायन्स का नको' असं कुणी लिहू नका. ते दोन्हीकडच्या आजोबांचं बोलून झालंय.

आता नवीन टूम. नोव्हेंबरात मान मोडून चार वर्षांच्या कॉलेजांचे अर्ज भरले आणि बाईसाहेब म्हणतात, मी दोन वर्षं डी अँझा किंवा फूटहिल या जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाते आणि मग चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर घेते. नवरा खूश, पैसे वाचतात. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकतेय. या क्षेत्रात ओळखी आणि इंटर्नशिप यांवरच सगळं चालतं म्हणतात. पहिली दोन वर्षं मोठ्या कॅम्पसबाहेर काढली तर ती मागे पडेल का? आणि ट्रान्सफर खरंच होतं, की नुसतं ब्रोशरमध्ये?

शिवाय पुण्याहून सासूबाईंचा प्रश्न: "म्हणजे कुठे अ‍ॅडमिशन मिळाली नाही का गं?" यावर काय सांगू?

अर्धा कप
रुमाल टाकून ठेवते. आमचा अकरावीत आहे.

सदाशिव
सासूबाईंना सांगा, ज्युनिअर कॉलेजला गेली. त्यांना पटेल आणि खोटंही नाही. अमेरिकेत या कॉलेजांचं जुनं नाव तेच होतं. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज 1901 सालचं, अजून तेच नाव लावतं.

बे एरिया बाबा
चिंचगूळताई, आधी आकडे बघू, मग भावना.

कॅलिफोर्नियात रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला (म्हणजे क्रेडिटला) 46 डॉलर. डी अँझा-फूटहिल क्वार्टरवर (तिमाही सत्रांवर) चालतात म्हणून तिथे 31. दोन वर्षांची मिळून ट्यूशन तीन हजारांच्या आत. पुस्तकं, पार्किंग, किरकोळ फिया वेगळ्या. पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला बऱ्याच कॉलेजांत 'प्रॉमिस' योजनेखाली ही फीसुद्धा माफ होते. याउलट दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका नामांकित खासगी विद्यापीठात मीडिया शिकायला वर्षाची नुसती ट्यूशन सत्तर हजारांच्या वर. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर लोकल पेपरात पगार किती मिळतो ते बघा आणि गुणाकार-भागाकार तुम्हीच करा.

ट्रान्सफर ब्रोशरपुरतं नाही. रस्ते दोन आहेत. एक 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर'. 2010च्या कायद्याने आलेली. ती पूर्ण केली की कॅल स्टेटमध्ये (राज्याच्या सरकारी विद्यापीठांची एक साखळी) कुठेतरी जागा नक्की, पण 'कुठेतरी' हा शब्द नीट वाचा, हव्या त्याच कॅम्पसची हमी नाही. दुसरा यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, ही दुसरी सरकारी साखळी) 'टॅग', म्हणजे ट्रान्सफर प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या सहांपैकी एकाशी आधीच करार करता येतो. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबरात, तोही ट्रान्सफरच्या आदल्या सप्टेंबरात. म्हणजे कॉलेजात पाय ठेवून वर्ष झालं की लगेच. इथेच मुलं झोपतात.

घाटावरचा
बाबा, चित्र जरा जास्तच गुलाबी रंगवलंत. ट्रान्सफर करायचं म्हणून कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांतले पुष्कळजण दोन वर्षांत बाहेर पडत नाहीत. तीन होतात, चार होतात, काही मधेच सोडून देतात. माझ्या भाच्याचंच बघा. एका कॉलेजात (नाव नको) काउन्सेलरने सांगितले ते वर्ग घेतले. निम्मे त्याच्या मेजरला (मुख्य विषयाला) लागू नव्हते. हवा असलेला वर्ग भरलेला, पुढच्या वेळी तो वर्गच ठेवला नाही. वर घरी राहतोय, जुने मित्र दुसऱ्या गावी, संध्याकाळी पिझ्झाच्या दुकानात काम. शिस्त असेल तरच हा मार्ग. अठराव्या वर्षी किती जणांना असते?

बे एरिया बाबा
घाटावरचा, शिस्तीचं मान्य. पण काउन्सेलरवर सगळा भार टाकू नये. 'असिस्ट' नावाची सरकारी साइट आहे. तिथे आपलं कॉलेज, जायचं विद्यापीठ आणि मेजर टाकलं की कोणता वर्ग कशाच्या बदल्यात चालतो ते समोर येतं. फुकट. मुलीने स्वतः बसून बघावं, आईने नाही.

अर्धा कप
आईने नाही म्हणजे??? मग आम्ही काय करायचं?

सदाशिव
धाग्यावर लिहायचं.

वडाची साल
एक महत्त्वाची गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. माझी मुलगी याच रस्त्याने गेली म्हणून सांगते.

'कम्युनिकेशन' म्हणून नाव घातलं की कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये तीन वेगळी दुकानं निघतात. कम्युनिकेशन स्टडीज म्हणजे भाषण, वादविवाद, परस्परसंवाद, आंतरसांस्कृतिक वगैरे. पत्रकारितेचा विभाग वेगळा, त्यात बातमीलेखन, 'मास कम्युनिकेशनची ओळख' हा वर्ग आणि विद्यार्थी वृत्तपत्राचा प्रॅक्टिकम. फिल्म-टीव्ही-इलेक्ट्रॉनिक मीडिया तिसरं. ट्रान्सफरची असोसिएट डिग्रीही तिन्हींची निराळी. आमच्या बाईंनी नाव बघून पहिल्यात उडी मारली. पहिल्या क्वार्टरमध्ये कॅमेरा नाही, माइक नाही, नुसता अ‍ॅरिस्टॉटल. "आई, मला बातम्या करायच्यात, हे लोक मला ऐकून कसं घ्यायचं ते शिकवतायत."

(तिला त्याची गरज होती हा भाग वेगळा.)

पुढेही तेच. सॅन होजे स्टेटमध्ये पत्रकारिता, जाहिरात, पीआर असं हाताने करायचं शिक्षण आहे. तिथला 'स्पार्टन डेली' 1934पासूनचा. यूसी डेव्हिस किंवा सँटा बार्बराचं कम्युनिकेशन मात्र बरंचसं संशोधनाच्या अंगाने जातं, सर्वेक्षण, आकडेशास्त्र, माध्यमांचा मनावर परिणाम. बर्कलीत पदवीला मीडिया स्टडीज मिळतं, पत्रकारितेची शाळा पदव्युत्तर आहे. म्हणून आधी शेवटचं स्टेशन ठरवा, मग गाडी. उलटं केलं की घाटावरच्यांच्या भाच्यासारखं होतं.

चिंचगूळ
वडाची साल, हे मला खरंच माहीत नव्हतं. फॉर्मवर तिने कम्युनिकेशन स्टडीजच लिहिलंय. आज विचारते.

पाणीपुरी बाई
विषय निघालाच आहे तर माझा अनुभव. मी विद्यार्थ्याची आई नाही, मीच विद्यार्थिनी. डिपेंडंट व्हिसावर घरी बसून कंटाळले होते, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात 'पब्लिक स्पीकिंग' घेतलं. वर्गात सतरा वर्षांची पोरं, रात्रपाळी करून थेट येणारा सिक्युरिटी गार्ड, नुकताच सैन्यातून सुटलेला एक, आणि नातवंडं असलेल्या एक फिलिपिनो आजी. आमच्या बाई प्रत्येक भाषणात 'अम्' किती वेळा आलं ते मागे बसून पेन्सिलीने रेघा मारून मोजायच्या आणि शेवटी तो कागद हातात द्यायच्या. पहिला कागद मी अजून ठेवलाय, काटेरी कुंपण दिसतं.

प्रात्यक्षिक भाषण होतं. काहीतरी करून दाखवायचं. मी प्रेशर कुकर नेला.

सदाशिव
2013च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या कुकर-बॉम्बनंतर कुकर घेऊन कॉलेजात?? धन्य आहात.

पाणीपुरी बाई
अहो तेच! पिशवीतून काढल्यावर पहिल्या बाकावरचा मुलगा खुर्चीसकट मागे सरकला. मग मी भाषणाची सुरुवातच त्यावरून केली. शिट्टी, गॅस्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह, वाफ कुठून जाते, झाकण आतून का लागतं. चूल पेटवायला परवानगी नव्हती म्हणून शिट्टी तोंडाने वाजवली. वर्ग हसला आणि माझी भीती गेली. आज मी एका ना-नफा संस्थेचं न्यूजलेटर आणि सोशल मीडिया बघते. त्या नोकरीच्या मुलाखतीत कामाला आला तो हाच वर्ग, मुंबईचं एमकॉम नाही.

जुना खिळा
मी पुण्यातला, छापखान्यात आणि नंतर वृत्तपत्राच्या डेस्कवर हयात गेली. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी शिकलो, दिवसा नोकरी. परखड लिहितो, राग मानू नये.

पत्रकारिता पदवीने येत नाही. आमच्या डेस्कवर बीएमएम (मास मीडियाची पदवी, आता त्याचं बीएएमएमसी झालंय) करून आलेली हुशार मुलं होती, माध्यम-विचारवंत मार्शल मॅक्लुहानवर तासभर बोलायची, पण महापालिकेचं बजेट समोर ठेवलं की 'भांडवली' आणि 'महसुली' यात गोंधळ. आणि एक मुलगा आलेला बीएस्सी केमिस्ट्री, त्याने सांडपाणी प्रकल्पाच्या अहवालातली गोम पहिल्याच वाचनात पकडली. तुमच्या मुलीला माझं सांगणं, मीडियासोबत दुसरं काहीतरी ठोस शिक. अर्थशास्त्र, आकडेवारी, कायदा, काहीही. कॉलेज कम्युनिटी असो की शिक्षणसम्राटांचं.

आणि धंद्याची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. तुमच्याकडेही गावोगावचे पेपर बंद पडतायत. हे न बोलता नुसतं फीचं गणित मांडणं मला अपुरं वाटतं.

घाटावरचा
काकांना अनुमोदन.

वडाची साल
काका, दुसऱ्या विषयाचं शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी कम्युनिटी कॉलेज उलट बरं. माझ्या मुलीने पत्रकारितेबरोबर स्टॅट्स आणि मायक्रो-इकॉनॉमिक्स तिथेच उरकलं, काही शे डॉलरमध्ये. चुकून नापसंत पडलं असतं तरी खिशाला भगदाड पडलं नसतं.

टेकडीवरचा तोता
मी या धाग्यावरचा बहुधा एकटाच 'मुलगा' आहे, पालक नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या पेपरात होतो, नंतर कॅल स्टेट फुलर्टन. चिंचगूळ काकू, 'मागे पडेल का' याचं उत्तर देतो.

मोठ्या विद्यापीठाच्या पेपरात पहिल्या वर्षाच्या पोराला कॅलेंडर आणि फोटोओळी मिळतात. वर तीन वर्षांचे सीनियर बसलेले असतात. कम्युनिटी कॉलेजात दर दोन वर्षांनी अख्खी टीम निघून जाते, त्यामुळे माणसं कायम कमी. मी दुसऱ्याच सेमिस्टरला न्यूज एडिटर झालो, हुशार होतो म्हणून नाही, दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

माझी बीट होती बोर्ड ऑफ ट्रस्टीज. कॉलेज डिस्ट्रिक्टचं निवडून आलेलं मंडळ, पब्लिकच्या पैशावर चालणारं. कॅलिफोर्नियात 1953चा ब्राउन अ‍ॅक्ट आहे, त्यामुळे नियमित बैठकीचा अजेंडा 72 तास आधी जाहीर करावाच लागतो. आमच्या सल्लागार सरांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं, अजेंडाचा पहिला भाग सगळे वाचतात, तू 'कन्सेंट कॅलेंडर' वाच. तिथे वीस-पंचवीस बाबी चर्चा न करता एका मतात मंजूर होतात. एका महिन्यात तिथे पार्किंग मशिनच्या कंत्राटाला मुदतवाढ दिसली, रक्कम मूळ कंत्राटाच्या दुपटीच्या जवळ. मी फोन केले, कुणी उचलेना. मग बैठकीत पब्लिक कॉमेंटला उभा राहायला निघालो तर सरांनी दंडाला धरून खाली बसवलं: "तू बातमीदार आहेस, बाहेर कॉरिडॉरमध्ये गाठ." गाठलं. बातमी पहिल्या पानावर गेली आणि पुढच्या बैठकीत ती बाब कन्सेंटमधून काढून चर्चेला घेतली.

कॉलेजने छापण्याआधी बातमी दाखवा म्हटलं नाही का? विचारायची सोय नाही. या राज्यात सरकारी कॉलेजच्या विद्यार्थी वृत्तपत्रावर आधीच कात्री चालवायला कायद्याने मनाई आहे. तुमची मुलगी हायस्कूलच्या पेपरात असेल तर तिला हे माहीत असेल. 1988च्या सुप्रीम कोर्टाच्या हेझलवूड निकालाने देशभर शाळांना मजकूर अडवायची मुभा दिली, पण कॅलिफोर्नियाचा स्वतःचा कायदा त्याच्याही आधीचा.

अजून एक. कम्युनिटी कॉलेजांच्या पत्रकारिता विभागांची राज्यभर संघटना आहे, जेएसीसी. तिची संमेलनं होतात आणि तिथे जागच्या जागी स्पर्धा असतात. भाषण ऐकायचं, नोट्स घ्यायच्या, ठरलेल्या वेळात बातमी लिहून द्यायची. माझी पहिली ओळख तिथली, पहिली इंटर्नशिप त्या ओळखीची.

जुना खिळा
तोता, तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. 'कन्सेंट कॅलेंडर वाच' हे वाक्य ज्याने शिकवलं त्याला पत्रकारिता कळते. आमच्याकडे स्थायी समितीचे 'ऐनवेळचे विषय' असायचे. तेच ते.

सदाशिव
सगळ्या जगात घोटाळा शेवटी पार्किंगमध्येच सापडतो.

अर्धा कप
कम्युनिटी कॉलेजात तर पहिल्या आठवड्यात पार्किंगच सापडत नाही.

एच-फोरची आई
सगळे नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले दिसताय. आमच्यासारख्यांचं पण लिहा. आमची ग्रीनकार्डच्या रांगेतली तारीख 2014ची, ईबी-2 (नोकरीवरच्या ग्रीनकार्डची एक श्रेणी). मुलगा एच-4वर (एच-1बीवाल्यांच्या कुटुंबाचा डिपेंडंट व्हिसा). त्याला रहिवासी फी मिळते, पण फेडरल आर्थिक मदत नाही, आणि एकविसाव्या वाढदिवशी डिपेंडंट व्हिसा संपतो. म्हणजे दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग ट्रान्सफर, आणि ऐन तिसऱ्या-चौथ्या वर्षात एफ-1वर (विद्यार्थी व्हिसावर) उडी. तेव्हा फी रहिवाशाचीच राहील का? आणि एफ-1वर पदवीनंतर ओपीटी (काम करायची तात्पुरती परवानगी) बारा महिने. स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) आणखी चोवीस मिळतात, पत्रकारितेला ते मिळत नाहीत. बारा महिन्यांत व्हिसा स्पॉन्सर करणारं न्यूजरूम कुठे शोधायचं? मुलाला हे सांगताना माझाच घसा कोरडा पडतो.

बे एरिया बाबा
एच-फोरची आई, तुमच्यासाठी गणित वेगळंच आहे हे खरं. फीचं उत्तर इथे कुणाच्या तोंडी घेऊ नका. ज्या विद्यापीठात जायचंय तिथल्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करा, लेखी उत्तर घ्या आणि व्हिसाबद्दल इमिग्रेशन वकिलाला विचारा. हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे वर्ग घेता येतात, फीही बहुतेक माफ असते. असे युनिट आधी जमवले तर पदवी एकविसाच्या जवळ ओढून आणता येईल. तेवढंच हातात आहे.

एच-फोरची आई
धन्यवाद. याचा विचार केलाच नव्हता. दहावीतच आहे तो अजून.

टेकडीवरचा तोता
काकू, त्याला डेटा जर्नालिझमकडे वळवता आलं तर बघा. विषय स्टेममध्ये धरला जातो की नाही हे पदवीच्या अधिकृत कोडवर ठरतं, नावावर नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय ऑफिसला तो कोड विचारायचा.

रेडिओ रंगीला
एवढा मोठा धागा आणि फूटहिलच्या केएफजेसीचं नाव नाही? 89.7 एफएम! 1959पासून चालू आहे, लॉस अल्टोस हिल्समधून, सगळा कारभार स्वयंसेवकांचा. 1983 साली यांनी एकच गाणं वेगवेगळ्या लोकांनी गायलेलं सलग 63 तास वाजवलं होतं. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात अठराव्या वर्षी खऱ्या ट्रान्समीटरवर बोलायला मिळतं सांगा.

सदाशिव
63 तास एकच गाणं? आमच्या मंडळाने गणपतीत हे दरवर्षी केलंय.

घाटावरचा
रेडिओ ऐकतं कोण आता? पोरं पॉडकास्ट करतात.

रेडिओ रंगीला
पॉडकास्टमध्ये चुकलं तर कापता येतं. थेट प्रक्षेपणात दोन गाण्यांच्या मधे शांतता पडली की पोटात गोळा येतो, आणि तो सांभाळता आला की माणूस कुठल्याही स्टुडिओत उभा राहतो.

पाणीपुरी बाई
रंगीलाशी सहमत. आणि कुणी टॉम हँक्सचं लिहिलं नाही म्हणून लिहिते. हेवर्डच्या शबो कॉलेजातून तो सॅक्रमेंटो स्टेटला ट्रान्सफर झाला. 2015मध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये त्याने कम्युनिटी कॉलेजचं ऋण मानणारा लेखच लिहिला. जॉर्ज ल्यूकससुद्धा मॉडेस्टो ज्युनिअर कॉलेजचा. सासूबाईंना ही नावं चालतील का?

सदाशिव
सासूबाईंना ल्यूकस कोण ते सांगत बसण्यापेक्षा ज्युनिअर कॉलेज सोपं.

घाटावरचा
एकेक मोठं नाव घेऊन काही सिद्ध होत नाही हो. माझा भाचाही तसल्याच कॉलेजातला, त्याच्यावर कुणी लेख लिहिणार नाही.

चिंचगूळ
सगळ्यांचे आभार. काल मुलीला हा धागा वाचून दाखवला (मराठी वाचता येत नाही, समजतं सगळं). तोत्याची पार्किंगची गोष्ट दोनदा वाचायला लावली. मेजर बदलून जर्नालिझम केलं. मग आम्ही दोघींनी असिस्टवर बसून सॅन होजे स्टेट आणि अर्व्हाइन लावून बघितलं. अर्व्हाइनला लिटररी जर्नालिझम नावाची पदवी आहे, तिला ती फार आवडली. बाबा, मी फक्त शेजारी बसले होते, माउस तिच्याकडे होता.

सॅन होजे स्टेटची फ्रेशमन (पहिल्या वर्षाची) अ‍ॅडमिशन आली तर मात्र थेट तिथे जायचं की तरी डी अँझा, यावर अजून आमचं एकमत नाही. घरून रोज जाता येईल असं ते स्टेट, ट्यूशन 2025-26 साली वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास होती. फरक यूसीइतका मोठा नाही.

वडाची साल
तसं असेल तर माझं मत स्टेटला थेट. घर तेच, पेपर आहेच आणि ट्रान्सफरची कटकट वाचते.

टेकडीवरचा तोता
माझं मत उलट. अर्व्हाइनचा विचार जिवंत ठेवायचा असेल तर कम्युनिटी कॉलेज. टॅगसाठी कोणतं मेजर चालतं आणि जीपीए किती लागतो हे दरवर्षी बदलू शकतं, ते नीट बघून घ्या. आणि काहीही ठरलं तरी या उन्हाळ्यातच 'मास कम्युनिकेशनची ओळख' घेऊन टाकायला सांगा. दोन्हीकडे उपयोगी पडण्याची शक्यता जास्त. समर सेशनची नोंदणी लवकर उघडते आणि हा वर्ग भरतो.

जुना खिळा
आणि अर्थशास्त्र.

टेकडीवरचा तोता
हो काका, आणि अर्थशास्त्र.

अर्धा कप
पाणीपुरी बाई, अवांतर: तो कुकर कुठला? इथे मिळणाऱ्याची गॅस्केट सारखी जाते.

पाणीपुरी बाई
भारतातून आणलेला, तीन लिटरचा. गॅस्केट धुऊन फ्रिजरमध्ये ठेवत जा, जास्त टिकते.